जुनापाणीची शिळावर्तुळे : नाव नसलेल्या माणसांचा इतिहास

विहाराची स्मरणिका निघाली म्हणजे तिच्यात विहाराचा इतिहास येणारच. जागा कशी मिळाली, पहिली वीट कोणी ठेवली, पत्र्याच्या खोलीचे पक्के बांधकाम कसे झाले, कोणत्या उपासिकेने मजुरीतले चार पैसे बाजूला टाकून बुद्धमूर्तीसाठी दिले, हे सर्व याच अंकात इतरांनी लिहिले आहे. आम्ही मात्र यंदा थोडा लांबचा इतिहास सांगणार आहोत. लांबचा म्हणजे काळाने लांबचा, अडीच हजार वर्षांपलीकडचा. अंतराने म्हणाल तर तो आपल्या नागपूरच्या वेशीवरच आहे. सकाळी सायकलने निघालेला माणूस तो पाहून दुपारच्या जेवणाला घरी परत येऊ शकतो.

गेल्या हिवाळ्यात विहाराच्या रविवारच्या वर्गातील मुलामुलींची सहल आम्ही काटोल रस्त्यावरील जुनापाणीला नेली होती. सोबत वस्तीतील दोन-तीन ज्येष्ठ मंडळी होती. गिट्टीखदान मागे टाकून पुढे गेले की शहर विरळ होत जाते आणि शहरापासून दहाएक किलोमीटरवर पुरातत्त्व खात्याची पाटी लागते. आत माळरान, बाभळी-बोरीची झुडपे, वाळलेले गवत आणि त्यात काळ्या दगडांची गोल गोल रांग. मुलांचा हिरमोड झाला. "सर, इथं पाहायला काय आहे?" असे एका मुलीने सरळच विचारले. तिचे चुकले नाही. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत, सांचीसारखी तोरणे नाहीत, साधी मूर्तीसुद्धा नाही. नुसते गोटे!

थोड्याच वेळात मुले त्या गोट्यांवर चढून उड्या मारू लागली. तेव्हा आमच्यासोबतचे एक आबाजी, जे सहसा मोठ्याने बोलत नाहीत, एकदम ओरडले, "उतरा खाली! माणसाच्या छातीवर पाय देऊन राहिले तुम्ही!" मुले चपापून उतरली. आम्हीही चपापलो. आबाजी पुढे काय म्हणाले ते आम्ही लेखाच्या शेवटी सांगू. त्याआधी त्या दगडांखाली खरेच माणूस आहे काय आणि असल्यास तो कोण, हे पाहू.

वर्तुळ म्हणजे काय?

जुनापाणीच्या माळावर अशी तीनशेच्या आसपास दगडी वर्तुळे आहेत. अभ्यासक त्यांना शिळावर्तुळे म्हणतात आणि ती उभारणाऱ्या लोकांच्या संस्कृतीला महापाषाणयुगीन संस्कृती म्हणतात. महापाषाण म्हणजे मोठा दगड. या काळाचे एकही लिखित अक्षर विदर्भात सापडलेले नाही, म्हणून हा काळ इतिहासाच्या अलीकडच्या उंबरठ्यावरचा असला तरी त्याचे सर्व ज्ञान आपल्याला मातीतूनच मिळवावे लागते.

वर्तुळ म्हणजे एक प्रकारची समाधीच. मोठमोठे गोटे एकाला एक लागून गोलाकार मांडलेले असतात. त्या गोलाच्या आत चिकट काळी माती आणि लहान दगडगोट्यांची भर घातलेली असते. त्यामुळे मूळचे वर्तुळ मधोमध उंचवट्यासारखे, एखाद्या बसक्या टेकाडासारखे दिसत असणार. अडीच हजार पावसाळ्यांनी ते झिजवले. या भरीच्या खाली मृताच्या अस्थी आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू असतात. पुष्कळ ठिकाणी पूर्ण सांगाडा मिळत नाही, हाडांचे मोजके तुकडेच मिळतात. म्हणजे शरीर आधी दुसरीकडे ठेवले असावे आणि नंतर उरलेल्या अस्थी वेचून आणून वर्तुळात ठेवल्या असाव्यात. काही वर्तुळांत एकाहून अधिक माणसांच्या अस्थी आहेत.

एवढे मोठे दगड ओढून आणणे हे एका घराचे काम नव्हे. त्यासाठी पंधरा-वीस माणसे तरी जुंपली असतील. त्यांच्या भाकरीची सोय कोणीतरी केली असेल, माती टोपल्यांनी वाहिली गेली असेल. म्हणजे एका मेलेल्या माणसासाठी अख्खे गाव राबले. मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडे कुतूहल दिसले.

येथील काही दगडांवर वाटीसारखे लहान गोल खळगे कोरलेले आहेत. ते ओळीने आहेत, आपोआप पडलेले नाहीत. त्यांचा सूर्य-ताऱ्यांच्या दिशांशी काही संबंध आहे का, याचा शोध मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनीही घेतला आहे. ही लिपी नव्हे. पण कोणीतरी बसून, मन लावून, दगडावर दगड मारून ते केले आहे, एवढे निश्चित.

कोणी खणले, काय सापडले?

या वर्तुळांकडे प्रथम लक्ष गेले ते इंग्रजांच्या काळात. रिव्हेट-कारनॅक नावाचा एक इंग्रज अधिकारी मध्य प्रांत व वऱ्हाडात कापसाच्या व्यापाराचा कमिशनर होता. कापूस पाहत गावोगाव फिरताना त्याला ही वर्तुळे दिसली. गावच्या लोकांना विचारले तर ते म्हणत, ही जुन्या गवळी राजांची. त्याने जुनापाणीची काही वर्तुळे खणली आणि त्याचा वृत्तान्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८७९ साली प्रसिद्ध केला. त्याला खंजीर, चपट्या कुऱ्हाडी, कुदळी, छिन्न्या, सांडशी, कडी, बांगड्या आणि घोड्याच्या तोंडात घालायचे लगाम मिळाले. बहुतेक वस्तू लोखंडाच्या.

स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर यांनी १९६१-६२ मध्ये येथे तीन वर्तुळांचे शास्त्रीय उत्खनन केले. शास्त्रीय म्हणजे काय? रिव्हेट-कारनॅकच्या काळी वस्तू मिळवण्यावर भर होता. थापरांच्या पद्धतीत मातीचा एकेक थर मोजला जातो, कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या दिशेला तोंड करून होती, याची नोंद होते. कारण वस्तू एकदा उचलली की तिची जागा कायमची जाते, आणि पुष्कळदा वस्तूपेक्षा तिची जागाच जास्त बोलते. या उत्खननात काळ्या-तांबड्या रंगाची मातीची भांडी मिळाली. ही भांडी आतून आणि काठाशी काळी व बाहेरून तांबडी असतात. घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडेही मिळाली.

खरे मोठे काम पुढे नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागाने केले. डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा येथे, १९७० ते १९७२ मध्ये माहूरझरी येथे उत्खनन केले. १९७८ ते १९८० या काळात देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या नैकुंड येथे उत्खनन केले. ही सगळी गावे आपल्या नागपूर जिल्ह्यातलीच. आपल्यापैकी कित्येकांची सोयरीक त्या भागांत आहे. मामाच्या गावाला जाताना ज्या धुऱ्यावरून आपण गेलो, त्या धुऱ्याच्या बाजूला महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचे एक मोठे प्रकरण पडून होते आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता!

ती माणसे कशी होती?

आधी आम्हालाही वाटे, इतिहासपूर्व म्हणजे रानटी, झाडपाला गुंडाळलेली माणसे. हा समज साफ चुकीचा आहे.

नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. मातीच्या वक्र विटांनी बांधलेली गोल भट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि गाळून उरलेला मळ. म्हणजे हे लोक बाहेरून लोखंड विकत आणून वापरणारे नव्हते, स्वतः दगडातून लोखंड काढणारे होते. माहूरझरीला अकीक, गारगोटी, स्फटिक अशा दगडांचे मणी मोठ्या संख्येने मिळाले, आणि त्यांत अर्धवट घडवलेलेही आहेत. म्हणजे तिथे मणी घडवण्याचा उद्योगच होता. नैकुंडच्या जुन्या वस्तीत जळालेल्या धान्याचे दाणे सापडले. तांदूळ, गहू, जव, मसूर, वाटाणा आणि आपली बोरेसुद्धा! कुडाच्या भिंतीची घरे होती, गुरेढोरे होती. आजही विदर्भाच्या खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला त्या घरात नेऊन सोडले तर चूल कुठे आणि धान्याची कणगी कुठे हे तिला फार शोधावे लागणार नाही.

आणि घोडा! या लोकांचे घोड्यावाचून काही चालत नसावे. खापा, माहूरझरी येथील वर्तुळांत माणसाबरोबर घोडाही पुरलेला आढळला. घोड्याच्या तोंडात लोखंडी लगाम आणि डोक्यावर तांब्याच्या पत्र्याचे दागिने. माणसाच्या जवळ खंजीर, कुऱ्हाड. काही घोड्यांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. म्हणजे मालक मेला म्हणून त्याच्याबरोबर जिवंत घोड्याचा बळी दिला गेला असावा.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. सगळी वर्तुळे सारखी नाहीत. एखाद्यात घोडा, दागिने, हत्यारे, आणि एखाद्यात चार मडकी. म्हणजे त्या समाजातही मोठा-लहान हा भेद होताच. जुना काळ म्हणजे सगळे समान आणि सुखी, असे चित्र रंगवायला बरे वाटते. पण माती तसे सांगत नाही. उलट माती असे विचारायला लावते, की भट्टीशी धग सोसून ज्याने लोखंड गाळले, ज्याने तो सुबक लगाम घडवला, त्या कारागिराच्या वाट्याला वर्तुळ आले असेल काय? जो दगड ओढत होता त्याच्यासाठी कोणी दगड ओढला असेल काय?

बुद्धांच्या काळातला विदर्भ

आता कालगणनेकडे येऊ. जळालेल्या कोळशाची शास्त्रीय तपासणी करून वस्तूचा काळ काढता येतो. टाकळघाट, नैकुंड येथील अशा तपासण्या आणि इतर पुरावे मिळून विदर्भातील ही संस्कृती साधारणपणे इ. स. पूर्व ८०० ते ३०० च्या सुमारास भरभराटीत होती असे मानतात. काही अभ्यासक तिची सुरुवात आणखी मागे नेतात.

हा काळ वाचून आपल्या मनात काही चमकले पाहिजे. तथागतांचा जीवनकाळ परंपरेने इ. स. पूर्व ५६३ ते ४८३ मानतात. आधुनिक अभ्यासक तो काही दशके अलीकडे ओढतात. काहीही धरा, भगवान बुद्ध मगध-कोसलच्या गावागावांतून चारिका करीत होते तेव्हा इकडे आपल्या मुलुखात हीच वर्तुळे उभी राहत होती. राजगृहात, श्रावस्तीत धम्माचा उपदेश चालला होता त्याच पिढ्यांत नैकुंडची भट्टी पेटलेली होती.

मृतांच्या अस्थींवर मातीचा उंचवटा करणे ही रीत बुद्धांच्या आधीपासूनची आहे. महापरिनिब्बान सुत्तात आनंद विचारतो की तथागतांच्या देहाचे काय करावे, तेव्हा चक्रवर्ती राजाप्रमाणे करावे आणि चार रस्ते मिळतात तिथे स्तूप उभारावा असे सांगितले आहे. म्हणजे स्तूप ही वस्तू लोकांना आधीच माहीत होती. पुढे कुशिनाराला अस्थींवरून राजांमध्ये लढाई जुंपायची वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने त्यांचे आठ समान भाग केले. त्या आठ भागांवर आठ स्तूप झाले. अस्थी मोजलेल्या भांड्यावर नववा आणि चितेच्या निखाऱ्यांवर दहावा.

जुनापाणीचे वर्तुळ आणि स्तूप शेजारी ठेवून पाहा. मधोमध अस्थी, वर उंचवटा, भोवती दगडांचा गोल कठडा. घडण किती सारखी! जुनी स्मशाने आणि नवे स्तूप जवळजवळ आढळल्याची उदाहरणेही आहेत. आंध्रातील अमरावतीच्या महास्तूपाच्या परिसरात महापाषाणयुगीन दफने मिळाली. आपल्याकडे वैनगंगेकाठी भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये डॉ. देव आणि जगत्पती जोशी यांनी जगन्नाथ टेकडी खणली आणि आतून प्राचीन स्तूप निघाला. त्या भागातही महापाषाणयुगीन दफनस्थळे आहेतच. ज्या माणसांचे आजे-पणजे वर्तुळात गेले, त्यांचीच नातवंडे पुढे स्तूपासमोर हात जोडून उभी राहिली असतील, असे अनुमान काढता येते. पुरावा एवढेच बोलतो, त्यापुढे नाही.

पण सारखेपणापेक्षा फरक मोठा आहे. वर्तुळात घोडा मारून घातला, हत्यार घातले, कारण मेलेल्या मोठ्या माणसाला तिकडेही ते लागेल असे वाटत होते. स्तूपात ना हत्यार आहे ना बळी. कूटदंत सुत्तात तथागतांनी प्राण्यांचा वध न करता होणाऱ्या यज्ञाची गोष्ट सांगितली आहे. स्तूपाने तेच केले. रूप जुने ठेवले, आतला अर्थ पालटला. मेलेल्याचे बळ दाखवायची जागा जिवंत माणसाने शील आठवायची जागा झाली.

दुसरा फरक नावाचा. पवनीच्या स्तूपाच्या कठड्यावर दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. साधी माणसे, पण दोन हजार वर्षांनी आपण त्यांची नावे वाचतो. जुनापाणीच्या तीनशे वर्तुळांत एकही नाव नाही. अक्षर आले आणि सामान्य माणसाला नाव मिळाले. 'शिका' या शब्दाचे वजन किती आहे, हे आम्हाला पवनी आणि जुनापाणी यांच्यामधल्या या अंतरात जितके कळले तितके पुस्तकात कळले नव्हते.

ही आपली माणसे का?

सहलीहून आल्यावर विहारात चर्चा झाली. एक तरुण मित्र आवेशाने म्हणाले, "हे आपले नाग पूर्वजच. लिहून टाका स्मरणिकेत." भावना आम्हाला समजते. १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडले याचे कारण सांगताना नाग लोकांनी बौद्ध धर्माचा प्रसार केला, असे सांगितले होते. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही, त्यांना प्रत्येक जुन्या दगडात आपला आजा दिसणे साहजिक आहे.

पण आम्ही तसे लिहिणार नाही. जुनापाणीच्या दगडांवर नाग हा शब्द नाही, कोणताच शब्द नाही. अस्थींवरून त्यांची भाषा किंवा कुळ आपल्याला ठरवता आलेले नाही. गावकऱ्यांनी त्यांना गवळी राजे म्हटले, आपण नाग म्हणावे, उद्या तिसरा आणखी काही म्हणेल. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरेने आले म्हणून, ऐकीव आहे म्हणून मानू नका असे बजावले. ते वचन दुसऱ्यांच्या पोथ्यांना लावायचे आणि आपल्या अभिमानाला लावायचे नाही, हे बरे नाही. आपल्या लोकांचा इतिहास ज्यांनी पुसला त्यांनी पुरावा मोडून तो पुसला. आपण पुरावा सोडून तो लिहू लागलो तर मग फरक काय उरला?

ती माणसे आपल्या रक्ताची होती की नव्हती, ठाऊक नाही. पण ती या मातीत राबली, याच नद्यांचे पाणी प्याली आणि मेलेल्या माणसाला त्यांनी उघड्यावर टाकले नाही. जतन करायला एवढे नाते पुरे आहे.

कायदा आहे, पण

जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडून संरक्षित आहेत. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८ हा त्याचा आधार. २०१० साली त्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीवाचून करता येत नाही. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मात्र कायदा संरक्षित हद्दीला आहे. विदर्भात अशी वर्तुळे शेकडोंनी पसरली आहेत, आणि ज्यांवर पाटी नाही ती कोणाच्या ध्यानीमनी नसताना जातात. कधी वावर सपाट करताना, कधी मुरूम काढताना, कधी ले-आउट पाडताना, तर कधी गुप्तधनाच्या खुळापायी. गुप्तधनाच्या लोभाने खणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की इथे हंडे नाहीत. इथे गंजलेले लोखंड आणि फुटकी मडकी आहेत. ती जागेवर असली तर सोन्याहून मोलाची, उचलली तर भंगार.

आपल्या वस्तीचा यात काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध असा, की ले-आउट पाडणारा मालक कोणीही असो, पहार आणि घमेले बहुधा आपल्याच माणसाच्या हाती असते. दगडाची रांग प्रथम त्याला दिसते. तो थांबला तर इतिहास थांबतो. शेतात, खदानीत, रस्त्याच्या कामावर गोल मांडलेले मोठे दगड किंवा काळी-तांबडी खापरे दिसली तर हात न लावता तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवावे. एखादा फोटो काढून ठेवावा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला अर्ज लिहायला लावावा. एवढे प्रत्येक घर करू शकते.

आबाजींचा प्रश्न

आता आबाजींकडे येऊ. मुले खाली उतरल्यावर ते एका बाभळीखाली बसले. पाणी प्याले आणि सांगू लागले. तरुणपणी ते गिट्टी फोडायच्या कामाला होते. एका गावाजवळ, हे गाव नव्हे, ठेकेदाराने असाच गोल मांडलेला माळ दाखवला आणि हे गोटे फोडा म्हणाला. घडवलेले, हाताशी असलेले दगड, खदान खोदायची मेहनत वाचली. आठ-पंधरा दिवसांत पाच-सात गोल संपले. खालची माती उकरली तेव्हा मडकी निघाली, ती पोरांनी दगड मारून फोडली. एक लोखंडी पाते निघाले, ते भंगारवाल्याने वजनावर घेतले. "हाडंबी होती बारीक बारीक. आमाले वाटलं जनावराची असन. मले का मालूम बाप्पा, याच्याखाली माणूस हाय म्हून? पाटी नोती, सांगणारा नोता. दिवसाची मजुरी भेटली, भाकर खाल्ली, झालं."

मग त्यांनी विचारले, "ज्याचं नावच मालूम नाई, त्याच्यासाठी पुण्यानुमोदन होते का हो?"

आमच्यापैकी कोणाला चटकन उत्तर देता आले नाही. मघाशी पाहायला काय आहे म्हणून विचारणारी मुलगीच म्हणाली, "आबाजी, सब्बे सत्ता म्हणतो न आपण. त्यात काय नावं घेतो का?" सर्व प्राणिमात्र सुखी होवोत असे म्हणताना आपण यादी वाचत नाही, हे तिने आम्हाला दाखवून दिले. आम्ही सगळे तिथेच गवतात बसलो. त्रिसरण-पंचशील घेतले, मैत्रीभावना केली आणि थोडा वेळ शांत राहिलो. मुले एवढी शांत राहिलेली आम्ही विहारातही पाहिली नव्हती.

दीक्षाभूमीच्या स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. तिथे आपण लाखोंनी नतमस्तक होतो. अस्थीपुढे माथा टेकताना माणसाच्या मनात काय असते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जुनापाणीच्या माळावर कोणाच्या तरी लेकराने, कोणाच्या तरी भावाने, हाच भाव मनात धरून दगड ओढला होता. आपण त्याचा धर्म मानत नाही, त्याची बळीची रीत मानत नाही. पण त्याचे दुःख आपल्याला कळते. दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य त्यालाही लागू होते.

आबाजी त्यानंतर दोनदा मुलांना घेऊन जुनापाणीला जाऊन आले. वर्तुळ कसे असते, कुठे पाय द्यायचा नाही, हे तेच समजावतात. ज्या हातांनी दगड फोडले तेच हात आता दगड दाखवतात. हा लेख लिहिताना आम्ही त्यांना विचारले, तुमचे नाव घालू का? ते म्हणाले, "गोष्ट लिहा. नाव नका लिवू." आम्ही त्यांचा शब्द पाळला आहे.

यंदाच्या वर्षावासानंतर विहारातर्फे पुन्हा जुनापाणीची आणि जमल्यास पवनीची सहल नेण्याचा विचार आहे. आई-वडिलांनी मुलांना अवश्य पाठवावे, स्वतःही यावे. शिदोरी सोबत आणावी, प्लास्टिक तिथे टाकू नये आणि दगडांवर बसू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!